तुम्ही विचारलंत म्हणून: तो डाव मी कशी हरले

"फिलिडोर पाठ असताना हरलात कशा?" बुद्धिबळ स्पर्धेतल्या पासष्टीवरच्या गटातली ती शेवटची फेरी झाल्यापासून हेच ऐकतेय. फिलिडोर म्हणजे एक प्यादं कमी असतानाही हत्तींचा डाव बरोबरीत सोडवायची रीत. विचारणारा उत्तर बरोबर घेऊनच आलेला असतो: वय. मीही "हो ना" म्हणते आणि मग रात्रभर चिडते.

ग्रँडमास्टर कोर्च्नॉय २०११मध्ये, ८० वर्षांचा असताना, स्वित्झर्लंडचा विजेता झाला. तेव्हा वयाचं सोडा.

माझ्याकडे काळा राजा आणि हत्ती. समोर राजा, हत्ती आणि ई-५ या घरावर एकुलतं प्यादं. यावरचा उपाय, हाच तो फिलिडोर, १७७७पासून छापलेला आहे. हत्ती सहाव्या ओळीवर धरून ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे घुसता येत नाही. प्यादं ई-६वर आलं की राजाचा आडोसा जातो; तेव्हा, आणि तेव्हाच, हत्ती पार खाली नेऊन मागून शह देत राहायचं. मी बारा-तेरा खेळ्या ए-६, बी-६, पुन्हा ए-६ करत होते. दर खेळीला मिळणाऱ्या ३० सेकंदांवरच दोघांचं चाललेलं. त्यांनी खेळी केली, मी हत्ती खाली नेला, घड्याळ दाबलं. पटाकडे पाहिलं तर प्यादं ई-५वरच. त्यांनी हत्ती हलवला होता.

तरी डाव हातचा गेला नव्हता. त्यांचा राजा ई-६वर आल्यावर माझा एफ-८वर, प्याद्यापासून पट जिकडे कमी उरतो त्या आखूड बाजूला, न्यायचा होता. मी डी-८वर नेला. ती खेळी घाबरून केली, कबूल.

कुणाला न दाखवलेली गोष्ट आता सांगते. माझ्या स्कोअरशीटवर त्यांच्या त्या खेळीच्या रकान्यात मी ‘ई-६’ लिहिलंय. नंतर खोडलंय. म्हणजे मी काही विसरले नव्हते. उलट पुढचं इतकं लख्ख दिसत होतं की ते घडून गेलंय असंच वाटलं.

तिशीतली मी यावर हसली असती. तिनं असाच हत्तींचा डाव एका आजोबांकडून जिंकला होता आणि बाहेर येऊन म्हणाली होती, "वय झालं त्यांचं." बाई गं, त्याच वर्षी तू अख्खा वजीर फुकट दिलास, तेव्हा तुझं काय झालं होतं? ती म्हणते, घड्याळात वेळ नव्हता. मग माझ्याकडे कुठे होता? ती म्हणते, पण मी न झालेली खेळी लिहिली नव्हती.

ते खरंय.