तुम्ही विचारलंत म्हणून: टाळ्या वाजवून गेलेली माणसं पुन्हा सापडतात कशी?

"हॉल भरतो, टाळ्या पडतात, सेल्फी काढून होतात. पुढचा कार्यक्रम लावला की माणसं गोळा करायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. श्रोत्यांशी संपर्क टिकवायचा कसा?" स्वतःची गाणी स्वतःच्या खर्चाने करणारे पुण्यातले गायक-वादक हा प्रश्न नेहमी विचारतात. तुम्हीही विचारलात, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इन्स्टाग्रामवर बारा हजार फॉलोअर आहेत म्हणजे बारा हजार माणसांशी संपर्क आहे असं नव्हे. ती माणसं त्या दुकानाची गिऱ्हाइकं आहेत. तुमचा निरोप त्यांतल्या कितीजणांना दाखवायचा हे दुकानदार ठरवतो. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेल्यांकडेही त्यांतल्या कुणाचा पत्ता नव्हता. स्पॉटिफायचं तेच. किती जणांनी, कुठल्या शहरात ऐकलं ते दिसतं, पण कोणी ऐकलं ते कळत नाही. तिथे एवढं मात्र चुकवू नका: गाणं प्रसिद्ध होण्याच्या किमान सात दिवस आधी कलाकाराच्या खात्यातून ते स्पॉटिफायच्या संपादकांकडे सुचवा, म्हणजे तुम्हाला फॉलो करणाऱ्यांच्या 'रिलीज रडार' या नव्या गाण्यांच्या यादीत तेच गाणं जातं. बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर विकत घेणाऱ्याचा ईमेल कलाकाराला मिळतो, ही त्याची खरी किंमत. बाकी सगळीकडे नाव-नंबर तुम्हालाच मिळवावे लागतात, आणि ते मिळण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे कार्यक्रमाचा हॉल.

नाव-नंबर घ्यायचं टेबल प्रवेशाशी लावू नका. आत येणाऱ्याचं लक्ष खुर्चीकडे असतं आणि त्याने तुम्हाला अजून ऐकलेलंही नसतं. मध्यंतरात चहा-वड्याच्या रांगेशेजारी आणि शेवटी बाहेर पडण्याच्या दाराशी, अशा दोनच वेळा माणूस थांबतो. टेबलावर तुम्ही नको, दुसरं कुणीतरी बसवा. तुमच्याभोवती फोटोंचा घोळका झाला की टेबल झाकलं जातं. पॅडला पेन दोरीने बांधा, आणि एका टेबलावर पॅड दोन तरी ठेवा. एकच पॅड असलं की तिसरा माणूस "नंतर देतो" म्हणून निघून जातो.

कागदावर चारच गोष्टी विचारा: नाव, मोबाइल, राहण्याचा भाग, आणि निरोप कशावर हवा. मोबाइलसाठी दहा चौकटी छापा. सलग रेघेवर लोक नऊ आकडे लिहून जातात आणि ते घरी आल्यावर कळतं. पुण्यात आणखी एक गंमत होते. ज्येष्ठ मंडळी आकडे देवनागरीत लिहितात. देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि ४ हा इंग्रजी आठसारखा. आपल्याकडचा मोबाइल क्रमांक सहा, सात, आठ किंवा नऊनेच सुरू होतो, त्यामुळे पहिला आकडा बघितला की बाकीचा नंबर कुठल्या लिपीत आहे ते बहुधा ठरवता येतं. तरी शंका असेल तर त्याच रात्री फोनात टाकून नाव ताडून बघा. आठवडाभर पडलेल्या कागदावरचं अक्षर कुणालाच लागत नाही.

ईमेल घेताना ऑफिसचा पत्ता घेऊ नका. हिंजवडीतल्या माणसाने कंपनी बदलली की तो पत्ता मेला. जीमेलच्या नावातला टिंब राहिला किंवा जास्त पडला तरी बिघडत नाही, जीमेल टिंबं मोजतच नाही. पण 'जीमेल'चं स्पेलिंग चुकलं तर पत्र परत येतं.

क्यूआर कोड हवाच, पण त्याचा आकार अंतरावर ठरतो. साधारण हिशेब असा की जितक्या अंतरावरून स्कॅन करायचा त्याच्या दहावा भाग कोडाची रुंदी. हातातल्या कार्डावर, ३० सेंटिमीटरवरून, ३ सेंटिमीटर पुरतो. पाचव्या-सहाव्या रांगेतून स्टेजच्या पडद्यावरचा कोड घ्यायचा तर तो अर्धा मीटर किंवा त्याहून मोठाच लागतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका, दिव्याचा झोत नेमका कोडावर पडतो. चारही बाजूंनी पांढरी कड सोडा. डिझाइन करणाऱ्याला ती रिकामी जागा बघवत नाही, पण ती कापली की कोड वाचला जात नाही. गडद पार्श्वभूमीवर पांढरा कोड दिसतो छान, काही फोन तो वाचत नाहीत. फुकटात 'बदलता येणारा' कोड देणाऱ्या सेवांपासून सावध राहा, मुदत संपली की पोस्टर भिंतीवर राहतं आणि कोड पैसे मागतो. साधा, कायमचा कोड घ्या आणि लिंक जितकी छोटी ठेवाल तितका तो विरळ व चटकन वाचता येणारा होतो.

तो कोड उघडायला हवा कुठे? दहा प्रश्नांच्या फॉर्मवर नको. व्हॉट्सअ‍ॅपच्या थेट लिंकवर उघडू द्या: त्यांची 'डब्ल्यूए डॉट मी' ही लिंक, पुढे तिरपी रेघ, मग ९१ आणि तुमचा दहा आकडी नंबर. अधिक चिन्ह, सुरुवातीचा शून्य, मधल्या मोकळ्या जागा काही नाही. लिंकमध्येच मजकूर भरून ठेवता येतो: "नमस्कार, मी आजच्या कार्यक्रमाला होतो/होते. राहतो/राहते: ". श्रोत्याने भाग लिहून पाठवलं की झालं. नंबर अचूक येतो, अक्षर लावावं लागत नाही, आणि पहिला निरोप त्यांच्याकडून आलेला असतो, ही सगळ्यात मोलाची बाब.

हा नंबर घरचा नसावा. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. ते फुकट आहे आणि त्यात माणसांना लेबलं लावता येतात. रात्री साडेअकराला "सर, तो दुसरा अंतरा परत ऐकवाल का" असं विचारणारे रसिक असतात. प्रेमाचे असतात, पण तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत असलेला बरा.

आता खरी मेख. व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना सुटासुटा पाठवण्याची सोय, एका वेळी २५६ जणांची, आणि ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनात जतन केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोनशे नंबर यादीत, निरोप साठजणांना. म्हणून पहिल्या "नमस्कार"ला उत्तर देतानाच तुमचं संपर्क-कार्ड पाठवा आणि स्पष्ट लिहा: "हा नंबर जतन केलात तरच पुढचे निरोप येतील." पाठवलेल्या निरोपाच्या माहितीत कुणाला पोचला ते दिसतं. लागोपाठ तीन निरोप न पोचलेल्या माणसाला एकदाच वैयक्तिक विचारा. नंबर जतन न केलेल्या शेकडो लोकांना एकेक निरोप ढकलत बसू नका. त्यांतल्या थोड्यांनी जरी 'रिपोर्ट' केलं तरी नंबर बंद होतो, आणि यादी त्याच फोनात असेल तर तीही अडकते.

ग्रुप करू का, असं विचारतात. करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, महिला श्रोत्यांना ते हमखास नकोसं होतं, आणि चौथ्या दिवशी सुप्रभातची फुलं सुरू होतात. भारतात २०२३ पासून आलेलं 'चॅनेल' त्या मानाने सभ्य: नंबर झाकलेले राहतात, एकतर्फी निरोप जातो. पण तिथे अनोळखी श्रोत्यांचे नंबर तुमच्याही हाती येत नाहीत. चॅनेल जाहिरातीला ठेवा, यादी माणसांसाठी. घाऊक एसएमएसच्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, एकट्यादुकट्या कलाकाराला ते परवडणारं नाही. ईमेल परदेशातल्या आणि लांब वाचायला आवडणाऱ्या श्रोत्यांसाठी उत्तम. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० पत्त्यांपर्यंतच जातं आणि सगळे पत्ते 'बीसीसी'मध्येच टाका, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत. ते एकदा 'टू'मध्ये गेले की माफीचं पत्रही त्याच सगळ्यांना जातं.

कागदावर आणि पहिल्या उत्तरात एक ओळ छापलेली हवी: "महिन्यातून जास्तीत जास्त दोन निरोप येतील. नको झाले की 'थांबा' लिहा." २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख हाच आहे, की माहिती कशासाठी घेता ते सांगा आणि संमती जितक्या सहज घेतली तितक्या सहज परत घेता आली पाहिजे. 'थांबा' आलं की नाव-भाग पुसा, पण नंबर वेगळ्या रकान्यात ठेवा. सगळंच पुसलंत तर पुढच्या कार्यक्रमाच्या कागदावरून तोच माणूस परत यादीत येतो आणि मग खरा चिडतो. अठरा वर्षांखालच्या मुलांचे नंबर घेऊ नका, पालकांचा घ्या.

यादी एका साध्या तक्त्यात असू द्या, त्याची एक प्रत फोनाबाहेर. रकाने: नाव, नंबर, भाग, कुठल्या कार्यक्रमात भेटले, तारीख, काय आवडलं. 'भाग' हा रकाना आळसाने गाळला जातो आणि पुण्यात उपयोगी पडतो तोच. बालगंधर्व रंगमंदिराला कोथरूडचा माणूस येतो. चिंचवडचा आठवड्यातल्या संध्याकाळी येत नाही, त्याला चिंचवडच्या मोरे सभागृहातल्या रविवारच्या कार्यक्रमाचाच निरोप द्या. एका भागातली तीस-चाळीस नावं जमली की तिथे घरगुती बैठक होऊ शकते. मोठा हॉल असलेलं घर त्याच यादीतून निघतं. फक्त सोसायटीला आधी सांगा, दुचाकी कुठे लावायच्या ते ठरवा, ध्वनिवर्धक असेल तर दहाच्या आत आवरा. आणि गुरुवार टाळा, दुरुस्तीसाठी पाणी बंद असण्याचा वार तोच, आणि यजमानीणबाईंना पस्तीस जणांच्या चहाच्या कपांचं काय करायचं हा प्रश्न पडतो.

निरोपाच्या मजकुराबद्दल. फोनाच्या पडद्यावर आधी दोनच ओळी दिसतात, तिथे "रसिकहो, सप्रेम नमस्कार" खर्च करू नका. असं लिहा: "शनिवार १४, सायं. ६.३० ते ८.४५, सुदर्शन रंगमंच. सहा नवी गाणी. तिकीट २५० रु." मग बाकीचं. संपण्याची वेळ लिहाच. परत जायचं कसं हे कळल्याशिवाय अर्धे लोक ठरवत नाहीत. बालगंधर्वला असेल तर छत्रपती संभाजी उद्यान हे मेट्रो स्थानक लिहा, पार्किंगच्या चिंतेने न येणारे येतात. नुसतं पोस्टर पाठवू नका, चित्रातला मजकूर फोनात शोधता येत नाही आणि कार्यक्रमाच्या दिवशी "किती वाजता आहे हो?" असे चाळीस प्रश्न येतात. कार्यक्रमाला तीन निरोप पुरे: तीन आठवडे आधी, पाच-सहा दिवस आधी, आणि त्या दिवशी सकाळी, तोही फक्त येतो म्हणालेल्यांना. गणपतीच्या दहा दिवसांत काही पाठवू नका. सवाई गंधर्व महोत्सवाच्या आठवड्यात कार्यक्रम लावू नका, मग निरोपाचा प्रश्नच उरत नाही.

कार्यक्रम नसलेल्या महिन्यात काय पाठवायचं? नव्या गाण्याचा अर्धवट मुखडा, दोन चालींतली कुठली ठेवू असा प्रश्न, शब्दांचा कच्चा कागद. पण आवाज पाठवताना माइकचं बटण दाबून व्हॉइस नोट पाठवू नका. तिचा आवाज बोलणं कळण्यापुरताच ठेवून बाकीचा कमी केलेला असतो, तानपुऱ्याचा नाद त्यात सपाट होतो आणि सतारीची तार पत्र्यासारखी वाजते. ध्वनिफीत 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, ती जशीच्या तशी जाते. बोलायचं असेल तेव्हा व्हॉइस नोट उत्तमच.

आणि जे उत्तर येईल त्याला उत्तर द्या. इथे बहुतेक कलाकार आळस करतात आणि मग यादी मरते. "छान" म्हणणाऱ्याला नुसता अंगठा चालेल. "तिसऱ्या गाण्यात बासरी जरा मोठी वाटली" असं लिहिणाऱ्याला दोन दिवसांत नावाने, दोन वाक्यांत उत्तर हवं. पुण्यात अशी टीका करणारा माणूस पुढच्या कार्यक्रमाला चारजणांना घेऊन येतो, बासरी कमी झाली का ते बघायला. सत्तरीच्या काका-काकूंना टाइप करायचा कंटाळा असतो, त्यांना फोन करा. वर्षाकाठी दहा-पंधरा जणांना हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड पाठवा, ५० पैशांचं. हातानेच लिहा, छापील मजकुराच्या कार्डाचा टपालदर वेगळा आणि बराच जास्त आहे.

पैशाची एक बाब. सीडी, पेनड्राइव्ह, टी-शर्ट यूपीआयवर विकता तेव्हा खात्यात नाव दिसतं, नंबर दिसेलच असं नाही. "पावतीचं चित्र कामाच्या नंबरवर पाठवा, गाण्यांचे शब्द पाठवतो" असं सांगा, नंबर आपोआप येतो. यादीत घेऊ का हे मात्र वेगळं विचारा. आणि पैसे आल्याची खात्री चित्रावरून नको, बँकेच्या नोंदीवरूनच करा.

वर्षातून एकदा, पावसाळ्यात कार्यक्रम थंडावतात तेव्हा, यादी झाडायला बसा. बंद पडलेला मोबाइल नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. त्यामुळे तुमच्या "नमस्कार कुलकर्णीकाका"ला एखाद्या दिवशी "कोण बोलतंय?" असं उत्तर येतं. त्या अनोळखी माणसाची माफी मागा, नंबर काढा, आणि काकांच्या शेजारी राहणारं कुणी यादीत आहे का ते 'भाग' रकान्यात बघून त्यांची चौकशी करा.