एका जागेची अनेक इंग्रजी नावे

इंग्रजीत शौचालयासाठी इतके शब्द का आहेत आणि त्यांपैकी नेमका कोणता वापरावा, हे अनुवादाच्या कामामुळे मला वारंवार विचारले जाते. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

यांतले बहुतेक शब्द मुळात त्या जागेचे नव्हतेच. 'टॉयलेट' फ्रेंचमधून आला, आणि त्याचा पहिला अर्थ कापडाचा तुकडा असा होता. ते कापड प्रसाधनाच्या मेजावर अंथरत; पुढे त्या मेजालाच हे नाव पडले, मग तेथे बसून केलेल्या साजशृंगाराला, मग त्या खोलीला आणि अखेरीस शौचाच्या भांड्याला. म्हणून अठराव्या शतकातील एखाद्या कथेत नायिका तासभर 'टॉयलेट'मध्ये गुंतलेली असेल, तर ती केस विंचरत, नटत आहे असे समजावे. तेथे शौचालय लिहिले की सारा प्रसंगच बिघडतो. अत्तराच्या बाटलीवरच्या 'ओ द टॉयलेट'मध्ये तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

'लॅव्हेटरी' म्हणजे मुळात हात धुण्याची जागा. विमानात या शब्दाचा अर्थ शौचालय असा होतो, पण अमेरिकेतील प्लंबिंगच्या नियमांत लॅव्हेटरी म्हणजे आजही वॉश बेसिन, आणि 'वॉटर क्लोजेट' म्हणजे खोली नव्हे, तर कमोड. खुद्द 'कमोड' हे एके काळी खणांच्या कपाटाचे नाव होते.

सभ्य म्हणून योजलेला शब्द वापरून वापरून त्या जागेलाच चिकटतो, थेट वाटू लागतो आणि मग नव्या आडपडद्याची गरज भासते. शब्दांची ही गर्दी मला त्यामुळेच झालेली दिसते. ब्रिटनमध्ये त्यात वर्गभेदाचीही भर पडली. भाषाशास्त्रज्ञ ॲलन रॉस यांनी 1954 मध्ये उच्चवर्गीयांचे आणि इतरांचे शब्द वेगळे नोंदवले, तेव्हा 'लॅव्हेटरी पेपर' उच्चवर्गीयांकडे आणि 'टॉयलेट पेपर' इतरांकडे गेला.

अमेरिकेत 'बाथरूम'मध्ये आंघोळीची सोय असेलच असे नाही. घराच्या जाहिरातीत 'अडीच बाथ' लिहिलेले असते, त्यातला अर्धा म्हणजे केवळ कमोड आणि बेसिन असलेली खोली.

तेव्हा ब्रिटनमध्ये 'टॉयलेट' किंवा घरगुती 'लू', कॅनडात 'वॉशरूम', अमेरिकेत कोणाच्या घरी 'बाथरूम' आणि बाहेर 'रेस्टरूम' म्हणावे. अमेरिकेत 'टॉयलेट' म्हटले तरी अर्थ कळतो, पण ऐकणाऱ्याला ते थेट भांड्याचेच नाव घेतल्यासारखे वाटते.