रस्ता रुंद, तरी वळसा का?

लेआउट काढणं, म्हणजे जमिनीवर रस्ते आणि प्लॉट आखणं, हा माझा धंदा. त्यामुळं एक प्रश्न लग्नाच्या पंगतीतसुद्धा पिच्छा सोडत नाही: कोल्हापुरात पेठेतल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, तरी कुठूनही कुठंही निघता येतं, आणि शहराबाहेर पाचगाव-कळंब्याकडं रस्ते रुंद असून मागच्या घरी जायला मेन रोडला जाऊन यावं लागतं. असं का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

रुंदीपेक्षा जोड महत्त्वाचा. प्रत्येक नाक्यावर किती रस्ते मिळतात ते मोजा. चौकाला चार, तिकटीला तीन, बंद गल्लीच्या टोकाला एक. सरासरी जितकी कमी, तितका वळसा जास्त.

शाहूपुरी, राजारामपुरी संस्थानकाळात सलग आखली गेली, म्हणून नंबरच्या गल्ल्या एकमेकींना सापडतात. आता ज्याचा गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, त्याचा लेआउट. उसाचं रान विकायला काढलं, मधोमध रस्ता, दोन्हीकडं प्लॉट, आणि बांधावर कंपाउंड. शेजारच्या गटात काही वर्षांनी तेच. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर! रस्ता बांधाला भिडवला नाही की टोकाला एक प्लॉट जादा बसतो. हे कुणी बोलत नाही, हिशेब मात्र तोच. बंद गल्लीत पोरांना क्रिकेट खेळता येतं, म्हणून घेणाराही खूश. पण सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर ओतल्या जातात, आणि केएमटीच्या शहर बसला आत शिरून बाहेर पडायला वाट नसते.

घरं पाडून नवी बांधता येतात, रस्त्याची रेघ सहसा हलत नाही. राजारामपुरीत बंगल्यांच्या इमारती झाल्या, गल्ल्या तिथंच आहेत. अमेरिकेतल्या रस्त्यांवर 2015 मध्ये एक अभ्यास आला. तिथं नव्या रस्त्यांचा हा तुटकपणा विसावं शतक बहुतेक वाढतच गेला आणि 1994 च्या सुमारास कळसाला पोचून उतरू लागला. म्हणजे नव्या आखणीत फरक पडू शकतो. जुनी मात्र जिथल्या तिथं राहते.

आपल्याकडं हद्दवाढीवरचा वाद घरफाळा आणि पाण्यावर रंगतो. 2017 मध्ये शहराभोवतीच्या 42 गावांसाठी विकास प्राधिकरण आलं. हद्द कुणाचीही असो, मला एवढंच हवंय: लेआउट मंजूर करताना रस्ता शेजारच्या गटापर्यंत उघडा ठेवायला लावा. गाडीचा नाही जमला, तर निदान चालत जायला बोळ सोडा.

प्लॉट बघायला गेलात, तर आधी टोकाच्या कंपाउंडपर्यंत चालत जा आणि पलीकडं काय आहे ते बघा.