अप, डाऊन आणि घाट

गंगापूर रोडवरील एका बँकेत परवा दुपारी खिडकीमागून ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे जाहीर झाले, तेव्हा रांगेतल्या एका आजींनी ‘मग वर कधी येणार तो?’ असे अगदी सरळ मनाने विचारले. लोक हसले. मला मात्र प्रश्न रास्त वाटला आणि पासबुक हातात तसेच धरून मी ‘डाऊन’ची जात ठरवत उभी राहिले. शाळेत शब्दांच्या आठ जाती घोकल्याचा हा परिणाम असावा. कोणी काही बोलले की आशय राहतो बाजूला आणि मी मनातल्या मनात ‘शब्दयोगी’ म्हणून मोकळी होते.

सर्व्हरचा ‘डाऊन’ विशेषण. ‘सिट डाऊन’मध्ये तोच क्रियाविशेषण, ‘डाऊन द हिल’मध्ये जवळजवळ आपल्या शब्दयोगीसारखा, ‘अप्स अँड डाऊन्स’मध्ये अनेकवचनी नाम आणि एखाद्या इंग्रजाने पेला एका दमात रिकामा केला तर चक्क क्रियापद. इंग्रजीचे जुने प्रत्यय शतकांच्या ओघात झिजून गेले. आता शब्द वाक्यात कोठे बसला आहे, यावरूनच बहुधा त्याची जात ओळखायची. मराठीत ही चैन नाही, ‘डाऊन’शेजारी ‘होणे’ बसवावेच लागते. आपल्याकडेही ‘वर’ आहे म्हणा: ‘वर बघ’, ‘माळ्यावर’ आणि मांडवातला वर. पण मांडवातल्या वराचे कूळ निराळे, जसे उशीत भरायच्या पिसांच्या ‘डाऊन’चे निराळे.

खाली नेणाऱ्या ‘डाऊन’चे मूळ तर टेकडीत आहे. जुन्या इंग्रजीत ‘डून’ म्हणजे टेकडी आणि ‘ऑफ डूने’ म्हणजे टेकडीवरून. पुढचा ‘ऑफ’ गळाला, टेकडी विसरली गेली आणि उतार तेवढा उरला. दक्षिण इंग्लंडमधल्या काही टेकड्यांना मात्र अजूनही ‘डाऊन्स’च म्हणतात.

नाशिककराला हा घोळ नवा नाही. वडील पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीसाठी जात. मध्य रेल्वेच्या हिशेबी मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन. म्हणजे सकाळी इगतपुरीहून कसाऱ्याचा घाट उतरायचा तो अप, आणि रात्री १८६५ पासून वाहतुकीत असलेला, ३७ फुटांमागे १ फूट असा तो चढ मागे जोडलेल्या बँकर इंजिनांच्या रेट्याने चढून यायचे ते डाऊन. हे उलटे कसे, असे मी एकदा नकाशावर बोट ठेवून विचारले होते. वडिलांनी डब्याचे कप्पे सुटे करत ‘साहेब मुंबईत बसतो, म्हणून ते अप’ एवढेच सांगितले आणि खालच्या कप्प्यात उरलेली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली.

शेजारी कोणी विचारले की आई ‘त्यांचं अप-डाऊन असतं’ असे सांगे. दिशा दाखवणारे दोन शब्द जोडून मराठीने असे एक नपुंसकलिंगी नाम करून घेतले, ज्यात ना चढ आहे ना उतार, आहे तो फक्त पास, डबा आणि गजर. निवृत्तीच्या दिवशी वडिलांनी खिशातून पास काढून टेबलावर ठेवला, तेव्हा आई ‘सुटले बाई’ म्हणाली. पहाटे चारला उठून डबा तीच करत असे. त्यामुळे कर्ता वडील की ती स्वतः, हे त्या क्रियापदावरून ठरत नाही.