टीएसएच २.५, सगळं नॉर्मल

चौदा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी सातपासून रक्त काढायचं, मग दुपारपर्यंत मशीन, रिपोर्ट तपासणं, सोडणं. इतके लोक येऊन जातात की चेहरे लक्षात राहत नाहीत, पण शिरा राहतात. कुणाची डाव्या हाताला पटकन मिळते, कुणाची मनगटाजवळच घ्यावी लागते, हे नाव विसरलं तरी बोटांना आठवतं. त्या सकाळी मुलीबरोबर आलेल्या एका ताईंचा हात हातात घेतला आणि बोटांना आठवलं की ही बाई आधी आलेली आहे आणि तेव्हा शीर अशी खोल गेलेली नव्हती.

हात गार होता. बाहेर उकडत होतं, मुलीने बाहीने घाम पुसला, आणि आईच्या अंगात स्वेटर. कातडी कोरडी, खरखरीत, दंड सुजल्यासारखा पण बोट दाबलं तर खड्डा पडत नाही. तळवे पिवळसर आणि डोळे मात्र स्वच्छ पांढरे, म्हणजे कावीळ नाही. नाव विचारलं तर उत्तर यायला वेळ लागला, ऐकू आलं नाही असं नाही, उत्तर आणायला कुठेतरी आत लांब जावं लागतंय असं. आणि आवाज जाड, घोगरा, जीभ जड झाल्यासारखा. मुलगीच बोलत होती. म्हणाली, मॅडम आज निघताना आई एका पायात चप्पल घालून अर्धा तास तशीच बसून होती, मी दोनदा हाक मारली. ताई म्हणाल्या, "दुसरी घालायची आहे हे कळत होतं गं, पण होत नव्हतं."

हे वाक्य मला लागलं कारण मला ते माहितीये. नऊ वर्षं झाली, मीही थायरॉईडची गोळी घेते. हा थकवा काम करून येणाऱ्या थकव्यासारखा नसतोच, त्यात झोपून उठलं की बरं वाटतं, यात झोपून उठलं की अजून खाली गेल्यासारखं होतं. आणि मूड म्हणजे लोकांना वाटतं रडू येत असेल. माझं रडणं कमी आणि राग जास्त होता, आणि त्याहून जास्त म्हणजे कशाचंच काही न वाटणं. मुलाने बक्षीस आणून दाखवलं आणि मी "ठेव तिकडे" म्हणाले, ते अजून आठवतं. घरच्यांनी आळशी म्हटलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं हे सगळ्यात वाईट.

असो. फॉर्म बघितला. थायरॉईडसाठी टीएसएच आणि फ्री टी-फोर (म्हणजे थायरॉईडचं रक्तातलं मोकळं हार्मोन), मग लिपिड, स्नायूंसाठी सीपीके, सीबीसी, सोडियम-पोटॅशियम. अंग दुखतं म्हणून डॉक्टरांनी सीपीके टाकलं असावं. "चालू औषधे" हा रकाना कोरा. तो रकाना कायम कोराच असतो, डॉक्टर भरत नाहीत, पेशंट भरत नाही, आणि खरं सांगायचं तर समोर चाळीस माणसांची रांग असताना आम्हीही विचारत नाही. रक्त काढलं, पिवळ्या झाकणाची ट्यूब अर्धा तास गोठायला ठेवली, सेंट्रीफ्यूज, मशीन.

दुपारी रिपोर्ट स्क्रीनवर आले. टीएसएच २.५. फ्री टी-फोर १.४. दोन्ही रेंजमध्ये, लाल खूण नाही. सकाळचं क्यूसी, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी, दोन्ही लेव्हलला पास. डेल्टा चेक, म्हणजे याच पेशंटच्या मागच्या आकड्याशी तुलना, तेही पास, कारण तीन महिन्यांपूर्वी २.९ होतं आणि त्याआधी वर्षभरापूर्वी ३.१. इतका गुळगुळीत रिपोर्ट की एरवी बघता बघता बटण दाबलं असतं.

पण खालचं वाचलं. कोलेस्टेरॉल २९८, वर्षभरापूर्वी १८६. सीपीके ७८०. सोडियम १३१. हिमोग्लोबिन कमी. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, थायरॉईड कमी पडलं की नुसतं वजन वाढत नाही, सगळं शरीरच हळू चालतं. लिव्हर कोलेस्टेरॉल नीट उचलत नाही म्हणून ते रक्तात साठतं, स्नायू कुरकुरतात म्हणून सीपीके वाढतं, पाणी साठून राहतं म्हणून सोडियम पातळ होतं, पाळीत रक्त जास्त जातं म्हणून हिमोग्लोबिन उतरतं. यातलं एकेक हजार कारणांनी होऊ शकतं. पण चारही एकत्र, वर तो आवाज, तो गार हात, आणि टीएसएच म्हणतंय सगळं छान? मेंदूतली पिट्युटरी थायरॉईडला हाका मारते ती हाक म्हणजे टीएसएच, ग्रंथी झोपली तर हाक मोठी व्हायला हवी. इथे बाकी सगळं शरीर ओरडत होतं आणि हाकच बारीक.

सरांकडे गेले. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर हुशार आहेत, पण दुपारी दोन वाजता कुणाचंही डोकं जेवढं चालतं तेवढंच चालतं. म्हणाले, टीएसएच नॉर्मल आहे, सीपीकेचं काय, व्यायाम केला असेल. मी म्हटलं सर, त्या बाईंना चप्पल घालता येत नाहीये. मग ते खुर्चीत सरळ बसले, एवढं मात्र त्यांच्याबद्दल म्हणेन. म्हणाले, फोन लाव, काय काय औषधं घेतात विचार.

फोन मुलीने घेतला. थायरॉईडची गोळी १०० मायक्रोग्रॅम, रोज न चुकता. अजून? लोहाची गोळी, पाच महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून. कॅल्शियम. अजून? डिप्रेशनची गोळी, दोन महिने झाले, कारण मागचा थायरॉईड रिपोर्ट नॉर्मल होता ना. अजून काही? नाही मॅडम, औषध काही नाही. मी म्हटलं औषध नसलेलं काही, व्हिटॅमिन, पावडर, काहीही? "हां, ती केसांची गोळी घेते ना आई, केस फार गळतात म्हणून. पण ते काय औषध नाही, व्हिटॅमिन आहे." पाकिटावर काय लिहिलंय ते वाच म्हटलं. तिने वाचलं, बायोटिन, दहा हजार मायक्रोग्रॅम.

आणि हे सगळं केव्हा घेतात? सकाळी उठल्या उठल्या, सगळ्या गोळ्या एकदम, म्हणजे विसरायला नको. रक्त द्यायला आल्या त्या दिवशीसुद्धा घेऊनच आल्या होत्या.

इथे जरा सविस्तर सांगते. आमच्या मशीनमधली पद्धत अशी की टीएसएचच्या कणाला दोन बाजूंनी दोन अँटीबॉडी पकडतात. एकीला प्रकाश देणारा पदार्थ जोडलेला, दुसरीला बायोटिनचं शेपूट. बारीक चुंबकीय मण्यांवर स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन चिकटवलेलं असतं आणि बायोटिन आणि ते एकमेकांना असे धरतात की सुटता सुटत नाहीत. शेपूट मण्याला अडकलं, चुंबकाने मणी धरून ठेवले, बाकीचं धुऊन टाकलं, उरलेला प्रकाश मोजला. जेवढा प्रकाश तेवढं टीएसएच. फार देखणी पद्धत आहे, मला अजूनही आवडते. पण पेशंटच्या रक्तातच मोकळं बायोटिन भरून वाहत असेल तर मण्यांवरच्या जागा तेच बळकावतं, टीएसएच पकडून आलेल्या अँटीबॉडीला बसायला जागा नाही, ती धुण्यात वाहून जाते. प्रकाश कमी, आकडा कमी. आणि फ्री टी-फोरची पद्धत उलटी, तिथे प्रकाश कमी पडला की आकडा चढतो. म्हणजे टीएसएच खोटं खाली आणि टी-फोर खोटं वर, दोन्ही मिळून एक सुंदर नॉर्मल रिपोर्ट. शरीराला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं, जेवणातून मिळतं तेवढं. केसांच्या गोळीत दहा हजार.

हे नवीन नाही. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लॅबना आणि डॉक्टरांना याबद्दल इशारा दिला होता. बायोटिनला दाद न देणारी रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, आता मिळतात, आम्ही वरती मागितलीही होती, पुढच्या ऑर्डरला बघू म्हणून राहिलं ते राहिलंच. आणि केसांच्या गोळीच्या पाकिटावर रक्त तपासणीबद्दल एक ओळ नाही.

त्याच ट्यूबमधलं सिरम सरांनी दुसऱ्या लॅबला पाठवलं, जिथल्या मशीनमध्ये बायोटिनची भानगड नाही. संध्याकाळी आकडा आला. टीएसएच ४१.६, फ्री टी-फोर ०.५. एकच ट्यूब, एकाच बाईचं एकाच सकाळचं रक्त. मी तो कागद दोनदा वाचला. तीन दिवस केसांची गोळी बंद ठेवून परत बोलावलं, आमच्याच मशीनवर लावलं, ४३.

मग सगळं उलगडलं, आणि जेवढं उलगडलं तेवढं वाईट वाटलं. लोह आणि कॅल्शियम थायरॉईडच्या गोळीला पोटातच धरून ठेवतात, ती नीट शोषली जात नाही. म्हणजे बाई रोज गोळी घेत होत्या आणि ती पोचत नव्हती. थायरॉईड उतरलं, केस गळायला लागले. केस गळतात म्हणून बायोटिन, आणि त्या बायोटिनने उतरलेलं थायरॉईड रिपोर्टमध्ये झाकून टाकलं. रिपोर्ट नॉर्मल म्हणून मग हे मनाचं आहे. कुणीच बेजबाबदार नव्हतं असं म्हणता येईल. प्रत्येकाने आपापलं बरोबर केलं.

सरांनी ताईंच्या डॉक्टरांना फोन केला. पहिलं वाक्य "म्हणजे तुमच्या लॅबची चूक" असं होतं, मी समोरच उभी होते. दुसऱ्या वाक्याला मात्र त्यांनी विचारलं की अजून किती पेशंट असे असतील, आणि तो प्रश्न मला पटला. डोस वाढवला नाही. थायरॉईडची गोळी एकटी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्ता अर्ध्या-एक तासाने, लोह आणि कॅल्शियम कमीत कमी चार तासांनी, केसांची गोळी बंद. डिप्रेशनची गोळी एकदम बंद करायची नाही हेही बजावून सांगितलं, कारण आता कारण सापडलं म्हणून लोक तीच आधी फेकून देतात.

सात आठवड्यांनी त्या आल्या. त्याआधी तपासून उपयोग नसतो, गोळीतल्या हार्मोनचं रक्तातलं प्रमाण अर्धं व्हायलाच सात दिवस लागतात, नवी पातळी बसायला तेवढे आठवडे जातात, आणि पिट्युटरी त्याहून सावकाश मान हलवते. टीएसएच ९. आवाज थोडा बारीक झाला होता, नाव विचारल्यावर लगेच सांगितलं. पण म्हणाल्या, मॅडम, आकडा उतरला तरी दुपारी चारनंतर अजून सगळं विझतं. मी त्यांना माझं सांगितलं, टेक्निशियन म्हणून नाही. आकडा आधी सुधारतो, स्नायू नंतर आणि मन सगळ्यात शेवटी, माझ्या बाबतीत पाच-सहा महिने गेले. जड कामं आणि मोठे निर्णय सकाळी, दुपारनंतर स्वतःबद्दल जे काही वाईट वाटेल ते त्या वेळेला खरं धरायचं नाही. रोज थोडं चालायचं, दमायच्या आधी थांबायचं. बरं वाटलं म्हणून गोळी सोडायची नाही, वाईट वाटलं म्हणून आपल्या मनाने वाढवायची नाही. आणि टीएसएच खरोखर जागेवर आल्यावरही थकवा राहिला तर गप्प बसायचं नाही, बी-ट्वेल्व्ह, लोह, झोप, सगळं बघायला लावायचं, कारण थायरॉईड आहे म्हटलं की लोक पुढचं बघणंच थांबवतात. सर आम्हाला नेहमी सांगतात, १९४९ साली रिचर्ड ॲशर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी थायरॉईड कमी असल्यामुळे मनाचा तोल गेलेल्या १४ पेशंटबद्दल लिहिलं होतं. म्हणजे हे शोधायला नवीन मशीनची गरज नव्हती, बघायची गरज होती.

निघताना त्या थांबल्या. म्हणाल्या, तो तीन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट बदलून मिळेल का? मला वाटलं तक्रार करायची असेल, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण तसं नव्हतं. म्हणाल्या, "तक्रार नाही हो. घरी दाखवायचाय. तेव्हा मी नाटक करत नव्हते एवढंच कुणीतरी लिहून द्या."

मी सरांना विचारून येते म्हटलं. पण उत्तर मला माहीत होतं. सिरम आम्ही सात दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, मग टाकतो. नमुनाच नाही तर कशावरून बदलणार. सरांनी नव्या रिपोर्टवर तीन ओळींची टीप लिहून सही केली, की औषधांच्या परिणामामुळे आधीचे आकडे चुकीचे नॉर्मल आलेले असण्याची दाट शक्यता आहे. ताईंनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. शक्यता या शब्दावर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं होतं.

आता मी रक्त काढताना प्रत्येकाला विचारते, केसांसाठी, नखांसाठी, त्वचेसाठी काही घेता का. औषध घेता का असं नाही विचारत, त्याला सगळे नाही म्हणतात. रांग हळू सरकते म्हणून कुरबुर होते, होऊ दे.

ताई टीप घेऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी सिस्टीममध्ये त्यांची तीन महिन्यांपूर्वीची नोंद उघडून बघितली. टीएसएच २.९, नॉर्मल, सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी सोडला. पुढे माझ्या नावाची आद्याक्षरं आहेत. रक्त दुसऱ्या कुणी काढलं होतं, मी फक्त स्क्रीनवर बघितलं होतं. त्या वेळी कोलेस्टेरॉल मागितलं नव्हतं, सीपीके नव्हतं, एकच आकडा होता आणि तो नॉर्मल होता. तो अजून तसाच आहे.