ताडपत्रीतला बर्फ

फेब्रुवारी संपत आला की सोलापुरात आमच्या माजी खेळाडू मंडळाचा मेळावा भरतो. दीपप्रज्वलन, अहवाल, शाल-श्रीफळ सगळीकडे असतं तसंच. जीव अडकतो तो नंतरच्या ताडपत्रीत: उष्माघात झालेल्या खेळाडूला बर्फाच्या पाण्यात गार कसं करायचं, याच्या प्रात्यक्षिकात.

एक पोरगा मधोमध आडवा होतो, सहा-आठ जण कडा उचलतात, शंभरेक लिटर पाणी आणि ३०-४० किलो फोडलेला बर्फ आत ओततात. काखांखालून टॉवेल घालून एकजण त्याला मागून धरतो, म्हणजे तोंड पाण्यात जात नाही. कडा हलवत राहायच्या. पाणी थांबलं की अंगालगतचं कोमट होतं.

धावता धावता कुणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की उष्माघातच धरायचा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही. सरावातल्या उष्माघातात अंग घामाने निथळतही असतं. आतला ताप ४० अंशांवर गेलेला असतो, काखेतला थर्मामीटर मात्र कमी दाखवतो. १०८ ला फोन लगेच लावायचा, पण आधी गार करायचं, मग हलवायचं. अर्ध्या तासात ताप ३९च्या आसपास यायला हवा. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा जॉर्डन मॅकनेअर सरावात कोसळला. त्याला बर्फाच्या पाण्यात ठेवलंच नाही; पंधरा दिवसांनी तो गेला. हे सांगताना दरवर्षी मंडप गप्प होतो.

मग छातीदाब, म्हणजे हृदय थांबलेल्याची छाती हातांनी दाबत राहणं (सीपीआर). मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. हृदय थांबलेला खेळाडू कधी झटके देतो, घरघरतो. लोक फिट समजून कांदा-चप्पल हुंगवत बसतात आणि मोलाची मिनिटं जातात. सगळा मंडप मोठ्याने आकडे मोजतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

वाईट एवढंच वाटतं, सरावाचं वेळापत्रक ठरवणारे क्रीडाशिक्षक सत्कार आटोपला की निघून जातात. सुट्टीनंतर पहिले ७ ते १४ दिवस जोर हळूहळू वाढवा, शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका, एप्रिलमध्ये ऊन चढायच्या आत सराव संपवा, हे ऐकायचं ते त्यांनीच. तालमीतली पोरं मात्र शेवटपर्यंत थांबतात.

बर्फाच्या लाद्या पहाटे पोचवणारे कारखान्यातले दोघे, टॉवेल देणारे यंत्रमागवाले, ताडपत्री देणारे मंडपवाले, टँकरचा चालक, छातीदाब शिकवणाऱ्या नर्सताई, भाकरी-शेंगाचटणी करणाऱ्या बायका, कर्ण्यावाला पोरगा, या सगळ्यांचे आभार. मागच्या अहवालात नाव राहून गेलेल्या मावशींचेही. सगळे पांगल्यावर भिजलेले टॉवेल पिळून मैदानाच्या कुंपणावर वाळत घालतात त्या.