एनआयपीटी करायची की नाही, आमच्या घरातला गोंधळ

एनआयपीटी म्हणजे आईच्या रक्तातून बाळाला डाऊन सिंड्रोमसारखा (एक गुणसूत्र जास्त असल्याने होणारा) दोष असण्याची शक्यता किती, ते बघायची टेस्ट. मी ३४ ची, पहिलंच बाळ, राहायला पुण्यात सिंहगड रोडला. डॉक्टरांनी एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं माप घ्यायची सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (माझ्या रक्ताची टेस्ट) लिहून दिलं, म्हणाल्या ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होतं हे, रेंगाळू नका. सोनोग्राफीला आधार कार्ड, कायद्याने भरावा लागतो तो फॉर्म एफ, मुलगा की मुलगी जाणून घ्यायचं नाही म्हणून सही, सगळं झालं आणि आत बाळ पाठ करून झोपलेलं! मानेमागचं माप काही मिळेना. मॅडम म्हणाल्या जा, काहीतरी गोड खा, जरा चालून या. मग मी बाहेरच्या टपरीवर क्रीमरोल खाऊन कर्वे रोडच्या ट्रॅफिकमध्ये फेऱ्या मारतेय आणि नवरा पर्स धरून मागे.

रिपोर्टमध्ये डाऊन सिंड्रोमची रिस्क आली ६२० मध्ये १. २५० मध्ये १ किंवा त्याहून जास्त असेल तर हाय रिस्क धरतात, हजारात १ पेक्षा कमी असेल तर लो, आणि आम्ही मधेच लटकलेलो. डॉक्टर म्हणाल्या एनआयपीटी करू शकता, मी जबरदस्ती करणार नाही. किंमत ऐकून मी गप्पच, आमच्या सोसायटीचा वर्षाचा मेंटेनन्स त्यात निघाला असता, आणि इन्शुरन्सवाल्यांनी फोनवरच हात वर केले.

नवरा म्हणे ६२० मध्ये १ म्हणजे ०.१६ टक्के, कशाला घाबरतेस. सासूबाई म्हणे आमच्या वेळी कुठे होतं हे, लॅबवाल्यांचे धंदे सगळे. आई मात्र लगेच म्हणाली डोहाळजेवणाचा हॉल नको, घरीच करू, ते पैसे इकडे घाल. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सून पण तेव्हा गरोदर होती, ती म्हणाली ताई हजारभरात होत असती तर मी पण केली असती. तिला नको होती असं नाही ना.

पैसे भरायच्या आधी डॉक्टरांनी एकच विचारलं, हाय रिस्क आली तर पुढे ॲम्निओ करणार का? कारण एनआयपीटी डाऊनच्या बाबतीत ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते तरी ती स्क्रीनिंगच, पक्कं कळायला पोटात सुई घालून गर्भजल काढावंच लागतं. आम्ही दोघं रात्री त्यावर बोललो, हो करू असं ठरलं, मगच रक्त दिलं. लो रिस्क आली.

तरी विसाव्या आठवड्याच्या सुमाराला ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचे अवयव नीट आहेत का बघायची सोनोग्राफी, करावाच लागला, हृदय, मणका हे रक्तातून कळत नाही. त्याचे पैसे वेगळे, पण तेव्हा घरात कोणी चकार शब्द काढला नाही, उलट सासूबाईच पैसे घेऊन आल्या, त्यात बाळ दिसतं ना!